वारस आणि विनय

चळवळ का फुटली, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नेहमी एखाद्या माणसाच्या नावाने सुरू होते. अमुक विकला गेला, तमुक खुर्चीला भुलला, तिसऱ्याला अध्यक्षपदच हवे होते. गेली काही वर्षे मी चळवळीच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, कार्यकर्त्यांची आत्मकथने आणि पुण्यतिथीची छापील भाषणे वाचतो आहे. या सगळ्या लेखनात मला दोनच सूर आढळले, एक गौरवाचा आणि दुसरा धिक्काराचा. पहिल्या सुरात नेता हिमालय असतो, दुसऱ्या सुरात तोच गद्दार असतो. पुष्कळदा लिहिणाराही एकच असतो; मध्ये फक्त एक निवडणूक होऊन गेलेली असते.

मी मराठीचा अध्यापक आहे. कवितेचा आशय तिच्या घाटापासून सोडवून बाजूला काढता येत नाही, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. ओवीत जे सांगता येते ते जसेच्या तसे पोवाड्यात सांगता येत नाही. मग संघटनेला हा नियम का लावू नये? संघटनेलाही घाट असतो. सभा कोण बोलावतो, पावतीपुस्तक कुणाच्या घरी असते, मतभेद झाला तर तो कोणत्या रीतीने मिटवायचा, साहेबाकडे निवेदन घेऊन कोणी जायचे, अध्यक्ष कधी आणि कसा बदलायचा, या गोष्टींनी तो घाट बनतो. त्या घाटाबाहेरचे काम संघटनेला करता येत नाही, मग तिच्यातली माणसे कितीही त्यागी असोत. घटना, इतिवृत्त आणि जमाखर्चाची वही हे आपल्या चळवळीचे न वाचलेले वाङ्मय आहे. प्रस्तुत लेखात ते वाचण्याचा प्रयत्न आहे. सुरुवात मी स्वतःच्या वहीपासून करतो.

माझे वडील नाशिकच्या बाजार समितीत हमाल होते. आई दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाई. आमच्या घरात जपून ठेवलेला पहिला छापील कागद म्हणजे जयंतीच्या वर्गणीची पावती. आई ती पत्र्याच्या पेटीत ठेवी. तिला वाचता येत नव्हते. पण आपण दिलेल्या पैशाची कुठेतरी नोंद झाली आहे, आपण कशाचे तरी सभासद आहोत, एवढे तिला त्या कागदावरून कळत होते. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी नोकरीला लागलो तेव्हा वस्तीतल्या मुलांसाठी आम्ही एक मंडळ काढले. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याला किमान सात माणसे लागतात, म्हणून एका संध्याकाळी सात माणसे बसवली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि तीन सभासद. घटना आम्ही लिहिली नाही. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडे तयार नमुना होता. त्यातल्या मोकळ्या जागी मंडळाचे नाव घातले आणि सह्या केल्या. समतेसाठी काढलेल्या त्या मंडळाच्या घटनेत एक कलम होते, ‘कोणत्याही वादात अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील.’ ते आम्हा सातांपैकी कोणीही वाचले नव्हते.

मंडळाची अभ्यासिका चांगली चालली. पुढे एका वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे अडकले. आमचे अध्यक्ष एकटेच संबंधित कचेरीत गेले, साहेबांबरोबर चहा घेऊन आले आणि ‘काम होईल’ म्हणाले. तरुण मुलांना मोर्चा हवा होता. सभा झाली नाही. त्यांनी दुसरे मंडळ काढले. एकाच आठवड्यात, एकाच मागणीची दोन निवेदने, दोन वेगळ्या लेटरहेडवर, एकाच कारकुनाच्या टेबलावर गेली. त्याने दोन्ही एका फायलीत लावली. अभ्यासिकेत येणारी एक मुलगी त्या वर्षी परीक्षेला बसू शकली नाही, कारण फी भरल्याशिवाय तिच्या महाविद्यालयाने अर्ज घेतला नाही. ती आईबरोबर द्राक्षाच्या छाटणीला जाऊ लागली. मी त्या वेळी अध्यक्षांना शिव्या दिल्या आणि वेगळे झालेल्यांनाही दिल्या. नंतर एकदा इतिवृत्ताची वही उघडली तेव्हा दिसले की शेवटच्या चौदा महिन्यांत एकही सभा झालेली नाही. सभा बोलावणे हे सचिवाचे काम. सचिव मी होतो, आणि वही माझ्याच कपाटात होती.

हा प्रसंग मी पश्चात्तापासाठी सांगत नाही. आमच्या मंडळात वाईट माणूस कोणीच नव्हता. अध्यक्ष प्रामाणिक होते, तरुण मुले प्रामाणिक होती. तरीही जे घडले ते घडण्यासाठी आमची रचना पुरेशी होती. मतभेद मांडायला जागा नसली की मतभेद घराबाहेर जातो आणि तिथे स्वतःचे घर बांधतो.

रचना माणसाला कशी वागवते, हे समजून घ्यायला आपल्याला परदेशी शास्त्राची वाट पाहावी लागत नाही. बाबासाहेबांचा जातीचा विचार हाच मुळात रचनेचा विचार आहे. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि देऊ न दिलेल्या १९३६ च्या भाषणात त्यांनी सांगितले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि या विभागणीत एकाखाली एक पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वरच्याचा राग आहे, पण खालच्यावरचा आपला मान गमावण्याची भीतीही आहे. त्यामुळे सगळे मिळून उठत नाहीत. इथे बाबासाहेब कोणत्या जातीची माणसे दुष्ट आणि कोणत्या जातीची सुष्ट, असे सांगत बसले नाहीत. ही उतरंड चांगल्या माणसालाही तसेच वागायला लावते, हे त्यांनी दाखवले. हिंदू समाजाची चिकित्सा आपण या पद्धतीने करतो. स्वतःच्या संघटनेकडे वळलो की मात्र ही पद्धत दाराबाहेर ठेवतो आणि चारित्र्याची चर्चा सुरू करतो.

आता नाशिककडे येऊ. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली येथे परिषद झाली आणि हजारोंची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची होती आणि मंदिराच्या चारही दरवाजांवर ती वाटून उभी केलेली होती. या आकड्यांकडे मी समीक्षक म्हणून पाहतो. चार दरवाजे, ठरलेली तुकडी, तिच्यामागे दुसरी तुकडी. यासाठी आधीच सत्याग्रह समिती स्थापन झालेली होती, तिचे सचिव भाऊराव गायकवाड होते आणि देवस्थानाच्या पंचांना समितीने आगाऊ कळवलेले होते. मागणी एक, जागा एक, शत्रू समोर उभा. कोणी कुठे उभे राहायचे हे शेवटच्या माणसालाही ठाऊक होते. त्याच वर्षी ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून समझोता मोडला गेला, दगडफेक झाली. तरी लढा संपला नाही.

गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब १९३० च्या अखेरीस लंडनला होते, पुढच्या दोन वर्षांतही पुन्हा गेले. त्या काळात लढा नाशिकच्या माणसांनी सांभाळला. बाबासाहेब आणि भाऊराव यांच्यातला पत्रव्यवहार हा या रचनेचा दुसरा पाय होता. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी भाऊरावांना स्पष्ट लिहिले की मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता. आपल्या लोकांत चैतन्य आणावे, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो होता आणि ते काम झाले आहे. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबरला याच जिल्ह्यात येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली. एक लढा कुठे थांबवायचा आणि शक्ती कुठे वळवायची, याचा विचार पत्रातून, कारणे देऊन, लेखी होत होता.

या रचनेत एक उणीवही होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. काम गावोगाव वाटलेले होते, पण अखेरचा शब्द मुंबईहून येत असे. बाबासाहेब होते तोवर ही उणीव जाणवली नाही. ते सर्वांना मान्य होते, त्यांच्यापुढे वाद मिटत होते. घरातला थोरला जिवंत आहे तोवर वाटणीचा कागद कोणी मागत नाही. स्वतः बाबासाहेबांनी मात्र संस्थांचे कागद सतत केले. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा त्यांनी रीतसर नोंदवली. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते आणि व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होते. १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाले, तेव्हा अध्यक्षपदी एन. शिवराज होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची. काम वेगळे तर संस्था वेगळी, हे त्यांचे धोरण होते.

६ डिसेंबर १९५६ नंतर त्यांच्या मागे उरलेल्यांनी काय केले, ते कागदावरच वाचावे. त्याच महिन्याच्या अखेरीस नगर येथे फेडरेशनचे अध्यक्षमंडळ ठरले. एकाची जागा कोणी घेऊ शकत नाही, म्हणून सर्वांनी मिळून घ्यायची, ही भावना उदात्त होती. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच पक्षात दोन तट पडले. बी. सी. कांबळे यांचा गट आणि दादासाहेब गायकवाडांचा गट. शिकलेले वकील विरुद्ध खेड्यातले कार्यकर्ते असाही रंग त्या वादाला चढवला गेला. पण लोकांच्या तोंडी कोणती नावे रुजली, तर ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’. ही नावे मला फार बोलकी वाटतात. गद्दार, विकाऊ ही विशेषणे माणसाला लागतात. दुरुस्त आणि नादुरुस्त ही विशेषणे यंत्राला लागतात. बिघाड यंत्रात आहे, हे भाषेने केव्हाच ओळखले होते. आपल्या इतिहासकारांनी ते ऐकले नाही. समान मानाच्या माणसांचे मंडळ टिकवायचे तर मतभेद मिटवण्याचा नियम माणसांपेक्षा बळकट लागतो. तेवढे बळ त्या रचनेत नव्हते.

आणखी एक रचना बाहेरून लादलेली होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा दिल्या, पण मतदारसंघ संयुक्त केले. त्या करारात उमेदवारांची प्राथमिक निवड तरी अस्पृश्य मतदारांकडे होती. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनंतर तीही उरली नाही. या व्यवस्थेचे गणित सरळ आहे. निवडून यायचे तर इतरांची मते हवीत. ती मते मोठ्या पक्षाच्या हातात. मोठा पक्ष आपल्या समितीशी बोलत नाही, आपल्यातल्या एका माणसाशी बोलतो. एकसंध पक्षाला दोन जागा मिळाल्या तर दहा नेत्यांतले आठ रिकाम्या हाताने परततात. तोच पक्ष फुटला तर बोलणी दोन दिवाणखान्यांत होतात. म्हणजे एकीची किंमत सगळ्यांनी भरायची आणि फुटीचा लाभ फुटणाऱ्याने घ्यायचा. अशा बाजारात साधुसंतांचा पक्षही फुटेल. १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी झालेल्या समझोत्यानंतर पक्ष पुन्हा फुटला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत गट एकत्र आले आणि काँग्रेसशी युती करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. अकोला, अमरावती, उत्तर-मध्य मुंबई आणि चिमूर. पुढच्या निवडणुकीपर्यंत ती एकी उरली नाही. एकीने काय होते हे त्या वर्षी दिसले होते, तरीही एकी टिकली नाही. नुसत्या सदिच्छेवर विसंबणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

याच पक्षाच्या, याच माणसांच्या हातून ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि लाखोंनी तुरुंग भरले, हे आपण विसरतो. दादासाहेब तेच होते, कार्यकर्ते तेच होते. निवडणुकीत दुबळा ठरणारा पक्ष सत्याग्रहात पहाडासारखा का उभा राहिला? माझे उत्तर असे आहे की सत्याग्रहाचा घाट वेगळा होता. मागण्यांची सनद लिहिलेली, दिवस ठरलेला, तुकड्या ठरलेल्या, आणि तुरुंगात जागा दोनच नव्हत्या. जो येईल त्याला काम होते आणि मानही होता. १९३० च्या नाशिकचा साचा १९६४ मध्ये कामी आला. निवडणुकीसाठी आपण साचा घडवलाच नाही, दुसऱ्यांचा वापरला.

रिपब्लिकन नेतृत्वाला कंटाळलेली तरुण पिढी १९७२ साली मुंबईत दलित पँथर म्हणून उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही नावे आपल्या वाचकांना सांगायला नकोत. पदे, ठराव, अध्यक्षमंडळ यांचा त्यांना वीट आला होता आणि तो रास्त होता. रागाला सभासदत्वाचा अर्ज लागत नाही. गावागावांत छावण्या निघाल्या. अत्याचाराची बातमी येताच तिथे पोचणे हे पँथरचे बळ होते, आणि ते त्या सैल रचनेनेच दिले होते. समितीच्या सभेची वाट पाहत बसले असते तर ते पोचले नसते. वरळीच्या दंगलीत, जानेवारी १९७४ मध्ये, या तरुणांनी रक्त सांडले. पण त्याच वर्षी संघटना फुटली. वाद १९७३ च्या जाहीरनाम्यावरून, मार्क्स की बुद्ध असा रंगला. त्या वादाखाली आणखी एक प्रश्न होता, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. संघटनेच्या नावाने बोलण्याचा अधिकार कुणाचा आणि तो कोणत्या सभेने दिला? १९७७ मध्ये राजा ढाले यांनी पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. इतर कार्यकर्त्यांनी ते मानले नाही आणि पँथर पुढे चालवली. संघटना बंद करण्याचा अधिकार कुणाला, याचेही सर्वमान्य उत्तर नव्हते.

त्याच काळात अमेरिकेतल्या स्त्रीमुक्तीच्या गटांत जो फ्रीमन ही तरुण कार्यकर्ती असेच काही अनुभवत होती. आमच्यात कोणी नेता नाही, कोणतेही नियम नाहीत, असे ते गट अभिमानाने सांगत. १९७० साली एका भाषणात तिने दाखवून दिले की रचना नसलेली संघटना नसतेच. उघड रचना नाकारली की लपलेली रचना येते. जुन्या मैत्रीची, एकत्र राहणाऱ्यांची, बोलण्यात तरबेज असलेल्यांची. या लपलेल्या रचनेला जाब विचारता येत नाही, कारण ती आहे हेच कोणी मान्य करत नाही. त्याआधी, १९११ साली, रॉबर्ट मिशेल्सने जर्मन समाजवादी पक्षाचा अभ्यास करून उलट बाजू सांगितली होती. समतेसाठी निघालेला पक्षही मोठा झाला की कचेरी आणि तिजोरी सांभाळणाऱ्या मूठभरांच्या हाती जातो. रिपब्लिकन पक्ष आणि पँथर यांच्या कथा या दोन टोकांच्या मध्ये नीट वाचता येतात. आपले दुःख वेगळे आहे; पण संघटनेचे रोग जगभर सारखेच आहेत, आणि हे कळले की स्वतःला शाप देणे थोडे कमी होते.

आज तर आपण आणखी पुढे गेलो आहोत. पुष्कळशा संघटना व्हॉट्सॲपच्या गटापुरत्या उरल्या आहेत. तिथे पद एकच, अ‍ॅडमिनचे. तो निवडून येत नाही, त्याची मुदत संपत नाही, आणि मतभेद मिटवण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग असतो, माणसाला गटातून काढणे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. नाशिकच्या एका शिबिरात मी हे मांडले तेव्हा एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी मला मध्येच थांबवले. “सर, बाबासाहेबच सांगून गेलेत, घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरते. माणसं घडवा आधी.” ते म्हणाले ते खोटे नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी तसे सांगितले आहे. परंतु ते भाषण तिथे संपत नाही. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या विभूतिपूजेवर आसूड ओढला आहे. थोर पुरुषाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये, भक्तीचा तो रस्ता हुकूमशाहीकडे जातो, असे बजावले आहे. केवळ चांगल्या माणसांवर त्यांचा भरवसा असता तर त्यांनी एकेका कलमासाठी शरीर झिजवले नसते.

आणि त्याच भाषणात त्यांनी बौद्ध भिक्खू संघाचा दाखला दिला आहे. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला ठाऊक होते, याची त्यांनी सभागृहाला आठवण करून दिली. विनयात हे बारकाईने आहे. संघापुढे आधी ‘ञत्ती’ म्हणजे प्रस्ताव ठेवायचा. महत्त्वाच्या कामात तो तीनदा पुकारायचा. ज्याला मान्य नाही त्याने बोलायचे. वाद मिटला नाही तर शलाका वाटून मत घ्यायचे. वाद मिटवण्याच्या सात रीती, सात अधिकरणशमथ, नावानिशी सांगितलेल्या आहेत. रागलोभ सोडून घराबाहेर पडलेल्या भिक्खूंनासुद्धा नुसत्या सद्गुणांवर सोडावे, असे तथागतांना वाटले नाही. आपण तर संसारी माणसे आहोत.

आपल्या दृष्टीने यातली सर्वांत मोठी गोष्ट अशी की तथागतांनी वारस नेमला नाही. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच शास्ता असतील, असे त्यांनी सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनी ही वारस न नेमण्याची गोष्ट मुद्दाम अधोरेखित केली आहे. संघातही पुढे फूट पडली, वैशालीच्या काळापासून पंथ झाले, हे खरे आहे. विनयाने फूट टळतेच असे नाही. पण फूट पडल्यावरही प्रत्येक पंथाने विनय सोबत नेला, आणि म्हणून संघ शतकानुशतके चालला. १९५६ नंतर आपण उलटे केले. वारस शोधत राहिलो. रक्ताचा वारस, विचारांचा वारस, खरा वारस, एकमेव वारस. विनय कोणीच मागितला नाही.

विनयात कुणाकुणाची नोंद होते हाही प्रश्न आहे. १९३० च्या पहिल्या तुकडीत २५ स्त्रिया होत्या. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास मात्र १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकासाठी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना दारोदार मुलाखती घेऊन गोळा करावा लागला. लढ्यात होत्या त्या वहीत नव्हत्या. आमच्या मंडळाच्या सात सह्यांत एकही बाई नव्हती. अभ्यासिकेचा केर मात्र बायाच काढत. सातही सह्या एकाच जातीच्या, एकाच गल्लीतल्या. पलीकडच्या मातंग वस्तीतली मुले अभ्यासिकेत येत, पण त्यांच्यापैकी कोणाला आम्ही बैठकीला बोलावले नाही. ‘दलित’ हा शब्द आमच्या लेटरहेडवर होता, कार्यकारिणीत नव्हता. उतरंड बाहेर फोडायला निघालेल्यांनी तिचा एक लहानसा नमुना आत मांडून ठेवला होता.

मला सुचते ते थोडके आणि साधे आहे. घटना टंकलेखकाकडून आणू नये; ती सभासदांनी मोठ्याने वाचून, समजून, स्वतःच्या शब्दांत लिहावी. एका पदावर एका माणसाने दोनदाच असावे. पावतीपुस्तक एका वस्तीत असेल तर वही दुसऱ्या वस्तीत असावी. सरकारी कचेरीत किंवा कोणत्याही पक्षाकडे एकट्याने जाऊ नये. किमान तिघांनी जावे, त्यांत एक बाई असावी, आणि काय बोलणे झाले ते त्याच आठवड्यात सभेपुढे सांगावे. ज्याचे मत पडले त्याचेही म्हणणे इतिवृत्तात त्याच्या नावासह लिहावे, म्हणजे त्याला ते म्हणण्यासाठी दुसरी संघटना काढावी लागणार नाही. आणि आपल्या नियतकालिकांनी गौरवाच्या कवितांबरोबर जुन्या संघटनांची इतिवृत्तेही मिळवून छापावीत. जुन्या कार्यकर्त्यांच्या पेट्यांत ती आहेत, आणि वाळवी आपल्यासाठी थांबणार नाही.

या पावसाळ्यात आमच्या दोन्ही मंडळांची एकत्र सभा झाली. एकी झाली असे मी म्हणणार नाही. तशी घोषणा करायलाही कोणी तयार नव्हते. एवढेच ठरले की पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचे निवेदन एकच जाईल आणि त्यावर दोन्हीकडच्या सह्या असतील. मी चौदा कोऱ्या महिन्यांची ती वही सर्वांसमोर ठेवली. मातंग वस्तीतला एक मुलगा आणि अभ्यासिकेचा केर काढणाऱ्यांपैकी एक मावशी पहिल्यांदाच सतरंजीवर पुढे बसली होती. अंगठ्याऐवजी सही करायला मावशींना बराच वेळ लागला. तोवर सभा थांबली होती, आणि इतिवृत्तात तशी नोंद आहे.